आधी प्रत ओळख, मग चित्रपट

छत्रपती संभाजीनगर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. परभणीहून चार दिवस इकडे येऊन महोत्सवातल्या मूकपटांचा एकही खेळ चुकवायचा नाही, हा तुझा बेत वाचून आनंद झाला. मात्र त्याच पत्रात पुढे तू लिहिले आहेस की मोबाईलवर ‘राजा हरिश्चंद्र’ पाहताना माणसे तुरुतुरु पळताना दिसली, हावभाव भडक वाटले आणि गोष्ट मध्येच तुटली. हे उत्तर एवढे सविस्तर लिहितो आहे ते त्या वाक्यामुळे. तुला जे खटकले, त्यातले पुष्कळसे दादासाहेब फाळके यांनी केलेलेच नाही. त्यांचा चित्रपट लोकांसमोर आल्यानंतरच्या शंभर वर्षांत ते त्या फिल्मच्या वाट्याला आले. जुना चित्रपट पाहताना दोष चित्रपटाचा की आपल्यापर्यंत पोचलेल्या प्रतीचा, हे आधी ओळखायला शिकावे लागते. ते न शिकता दिलेला निकाल, मग तो कौतुकाचा असो की नावे ठेवण्याचा, माझ्या मते ग्राह्य धरू नये.

वेगाचेच पाहा. त्या काळी कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवत, आणि सेकंदाला साधारण 16 ते 20 चौकटी, म्हणजे सुटी चित्रे, टिपल्या जात. बोलपट आल्यावर आवाज नीट उमटावा म्हणून हा वेग 24 वर कायम झाला, आणि पुढे जुने मूकपटही सर्रास त्याच वेगाने दाखवले जाऊ लागले. 35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी बसतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3700 फूट सांगितली जाते. हिशेब केलास तर दिसेल की सेकंदाला 16 चौकटींनी तो तासाभराहून थोडा अधिक चालतो आणि 24 चौकटींनी 41 मिनिटांत उरकतो. वीसेक मिनिटे अशी केवळ यंत्राच्या वेगापायी नाहीशी होतात, आणि जो नट सावकाश मान वळवत होता तो मान झटकताना दिसतो. ज्या हावभावांना तू भडक म्हटलेस, त्यांतले निदान काही या घाईमुळे भडक झाले आहेत. अंबाजोगाईला एका कार्यक्रमात असाच धावता मूकपट दाखवला गेला होता आणि सभागृह हसत होते. मला त्या हसण्याचे फार वाईट वाटले, कारण प्रेक्षकांचा त्यात काहीच अपराध नव्हता.

योग्य वेग कोणता, यावर जाणकारांतही एकमत नसते, कारण हँडल फिरवणाऱ्याचा हात प्रत्येक प्रसंगात सारखा चालत नसे आणि चित्रपटगृहातला ऑपरेटरही आपल्या सोयीने वेग कमीजास्त करी. तुझ्यापुरती एक खूण सांगतो. माणसांकडे पाहून वेग ठरवू नकोस. पाणी, धूर आणि अंगावरच्या कपड्यांकडे पाहा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या भागात हौदात जलक्रीडा करणाऱ्या स्त्रियांचा प्रसंग आहे. त्या स्त्रिया म्हणजे साड्या नेसलेले पुरुष आहेत, कारण चित्रपटात काम करायला त्या वेळी बायका मिळत नव्हत्या. तारामतीची भूमिकाही अण्णा साळुंके यांनी केली. तिथे उडालेले पाणी खाली कसे पडते आणि ओला पदर अंगाला कसा चिकटतो ते नीट बघ. उडालेले पाणी आपल्या ओळखीच्या गतीने खाली येत असेल, तर प्रतीचा वेग बरोबर आहे असे समज.

दुसरी गोष्ट चौकटीची. मूकपटाच्या फिल्मवर चित्राला पुरी रुंदी मिळत असे. बोलपटात त्याच फिल्मवर एका कडेला ध्वनीची पट्टी आली आणि चित्राला अंग चोरावे लागले. त्यामुळे मूकपट बोलपटाच्या चौकटीतून दाखवला की त्याची एक बाजू कापली जाते आणि वरचाही थोडा भाग जातो. कुणाचे डोके अर्धे दिसत असेल, किंवा महत्त्वाचे पात्र सारखे एका काठाला चिकटून उभे असेल, तर दिग्दर्शकाला अडाणी ठरवण्याआधी हे आठव.

रंगाचेही असेच आहे. मूकपट म्हणजे काळापांढरा ही आपली समजूत आहे, पण त्या काळच्या कितीतरी प्रती रंगाच्या पाण्यात बुडवून काढलेल्या असत: रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळसर, आगीला लाल. पुढे काळ्यापांढऱ्या फिल्मवर नकला निघत गेल्या आणि हे रंग उडाले. म्हणून भर दुपारच्या उन्हात कुणी कंदील घेऊन चाचपडत चाललेला दिसला, तर तो प्रसंग मुळात निळ्या रात्रीचा असण्याची शक्यता धरून चाल.

गोष्ट मध्येच तुटली, हे तुझे म्हणणे मात्र खरे आहे, आणि ते मनाला लागणारे आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला तेव्हा त्याची चार रिळे होती. आज पहिले आणि शेवटचे उरले आहे. उरलेली रिळेसुद्धा 1913 ची नसून फाळक्यांनी 1917 साली त्याच कथेवर पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले. त्यांतले आज हाती असलेले, तुकडे धरूनही, तीसच्या आसपास भरतात. कारणे अनेक आहेत. मूकपट ज्या नायट्रेटच्या फिल्मवर निघत ती पटकन पेट घेते आणि नुसती पडून राहिली तरी चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा फिल्मवरची चांदी काढून घेण्यासाठी त्या वितळवल्या गेल्या. 2003 साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठवणघराला आग लागली आणि जपलेले पुष्कळ काही त्यात गेले.

बाबुराव पेंटर यांचा 1925 सालचा ‘सावकारी पाश’ असाच गेला. सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची ती कथा होती, आणि तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. आपल्या मराठवाड्यात त्या चित्रपटाला किती डोळे लाभले असते! पौराणिक कथांच्या त्या काळात कोल्हापूरच्या एका चित्रकाराने कर्जाचा विषय घेतला, आणि तो त्याने कसा दाखवला हे आपण आता केवळ वाचू शकतो. महोत्सवाला येण्यापूर्वी अशा हरवलेल्या दोनचार चित्रपटांविषयी जरूर वाच, म्हणजे जे पडद्यावर येईल ते किती थोड्यातले आहे याची जाण राहील.

वेळापत्रकातले सगळे खेळ पाहू नकोस, दिवसाला दोन पुरेत. एकच निवडायचा झाला तर 1919 सालचा ‘कालियामर्दन’ निवड. फाळक्यांचा हा चित्रपट बराचसा शाबूत आहे आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत जिवंत काम तेच. त्याची सुरुवात विलक्षण आहे: कथा सुरू होण्याआधी पडदाभर फक्त एका मुलीचा चेहरा येतो. ही फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. सात वर्षांच्या मुलीचा मुद्राभिनय पाहा, अशी मजकुराची पाटी आधी पडद्यावर येते आणि मग ती एकामागून एक भाव करून दाखवते. त्यानंतर तोच चेहरा आपल्या डोळ्यांदेखत कृष्णाचा होतो. आधी मुलगी दाखवायची आणि मग देव, हे धैर्य मला फार मोठे वाटते. पुढे यमुनेच्या डोहातले कृष्ण आणि कालियाचे झुंज आहे. त्यात काठावर घाबरलेली माणसे आणि पाण्यातली झटापट यांच्यात चित्र कसे आलटूनपालटून जाते, काठावर किती वेळ आणि पाण्यात किती वेळ राहते, हे हातातल्या घड्याळावर मोजून लिहून ठेव. उत्कंठा वाढवण्याचे जे तंत्र आजच्या चित्रपटात तू सहज धरून चालतेस, ते तिथे घडताना दिसेल.

संगीताकडे लक्ष ठेव, कारण तेही प्रतीइतकेच फसवू शकते. मूकपटाचा खेळ मुका कधीच नसे. पडद्याजवळ पेटी आणि तबला वाजत असे, आणि अक्षरओळख नसलेल्यांसाठी पाट्या कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. महोत्सवात वादक प्रत्यक्ष वाजवणार असतील तर तो खेळ चुकवू नकोस. पण वादक करुण वाजवू लागला म्हणून प्रसंग करुणच असला पाहिजे, असे मानू नकोस. एखादा प्रसंग कान बंद करून पाहा आणि पडदा स्वतः काय सांगतो ते आधी ऐक.

रिस्टोरेशन, म्हणजे डागडुजी, केलेली प्रत म्हणजे मूळ चित्रपट परत आला, असेही समजू नकोस. अजिंठ्याच्या चित्रांवर 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी लेप दिला तो चांगल्या हेतूनेच, पण पुढे तो लेपच पिवळा पडला आणि चित्रे त्याच्याआडून पाहावी लागली. फिल्मवरचे ओरखडे संगणकावर पुसताना पाऊस, धूळ आणि चेहऱ्यावरच्या बारीक रेघाही पुसल्या जाऊ शकतात. म्हणून खेळापूर्वी आयोजकांना सरळ विचार: ही प्रत कोणत्या संग्रहातली, कशावरून केलेली, किती वेगाने दाखवणार, आणि काय गहाळ आहे. चांगल्या आयोजकाला अशा प्रश्नांचा आनंदच होतो. उत्तरे त्याच रात्री वहीत उतरव आणि स्वतःचे मत त्यांच्याखाली लिही.

शेवटी, पत्रात तू ओझरते लिहिले आहेस की तुझ्या आजोबांचे एक स्नेही यात्रांमधून तंबू टॉकीज चालवत आणि त्यांच्या माळवदावर अजून काही पत्र्याचे डबे पडून आहेत. बहुधा त्यात नंतरच्या काळातले काही असेल, तरीही महोत्सवाइतकेच महत्त्व या गोष्टीला दे. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्या 1927 सालच्या ‘मेट्रोपोलिस’चा कित्येक वर्षे हरवलेला भाग 2008 साली थेट अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सला सापडला, तोही 16 मिलिमीटरच्या प्रतीत. डबे गंजलेले असतील तर जबरदस्तीने उघडू नकोस. उघडलेल्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती नंतरची, सहज न पेटणारी पण कुजत चाललेली फिल्म असते. ती इतर डब्यांपासून वेगळी ठेव. फिल्मच्या काठावर ‘नायट्रेट’ असे इंग्रजीत छापलेले दिसले, किंवा ती चिकट आणि तपकिरी झालेली दिसली, तर तो डबा उन्हापासून, चुलीपासून आणि विडीकाडीपासून लांब, हवेशीर सावलीत ठेवायला सांग, कारण ही फिल्म एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नकोस. डब्यांवरच्या चिठ्ठ्या जशा आहेत तशा राहू देऊन त्यांचे फोटो काढ आणि येताना घेऊन ये. ते पाहून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला काय कळवायचे ते आपण इथे बसून लिहू.

तुझा,
काका