वायतुऱ्याचं डबकं

प्रिय पोरी,

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, वायतुरा या पाणवनस्पतीचे चार कंद आणून घरच्या हौदात जगवायचे म्हणतेस. तळमळ कळते. तरी सांगतो, आणू नकोस. तुझ्या वयाचा असताना मी दोन आणले होते. बादलीत लावले. पहिल्या वर्षी नुसती पानं आली, दुसऱ्या पावसाळ्यात कंद कुजले. ती खंत अजून जात नाही.

इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा, म्हणून वायतुरा. १९८२ साली शास्त्रज्ञांनी त्याचं बारसं केलं ते साताऱ्याच्या नावानं, सातारेन्सिस. आज तो जगाच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. त्याला लागतं ते हौदात देताच येत नाही. सड्यावर जांभ्याचा कातळ, वर जेमतेम चार बोटं माती. पावसाळ्यात त्या खळग्यांत पाणी साचतं, कंद फुटतो, तुरा येतो. पाऊस सरला की डबकं आटतं आणि कंद भेगाळलेल्या मातीत पुढच्या पावसापर्यंत निजतो. कातळ तव्यासारखा तापतो तेव्हाही तो आतच असतो. भिजणं आणि वाळणं, दोन्ही वेळेवर व्हायला हवं.

म्हणून मला भीती वाटते ती चराची. पवनचक्क्यांकडे जाणारा रस्ता रुंद केला, कडेनं हातभर चर मारला, की डबक्याचं पाणी दोन दिवसांत वाहून जातं. फूल कुणी तोडलेलं नसतं, तरी पुढच्या वर्षी तिथं काही उगवत नाही. मुरूम उचलला किंवा गाडी आत घातली तरी तेच.

तू एकच डबकं धर. खुणा केलेली काठी घेऊन जूनपासून दर पंधरा दिवसांनी जा. पाणी किती बोटं, कुठून येतं, कुठं जातं, तुरे किती, सगळं तारखेनिशी वहीत लिही. चालताना कातळावर पाय दे, चिखलात नको. फोटो टाकलास तर ठिकाण लिहू नकोस. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथं निदान राखण तरी आहे. बाकीच्या सड्यांना कोण?

म्हशी दिसल्या तर हाकलू नकोस. कासला जाळी लावून चराई थांबवली, तेव्हा गवत माजून फुलं कमी झाल्याची ओरड झाली, आणि शेवटी जाळी काढावी लागली. गुराख्यांशी बोल. कुठलं डबकं कधी आटतं हे त्यांना तोंडपाठ असतं. आणि कुठं चर खणताना दिसला, तर वही घेऊन थेट ग्रामपंचायतीत आणि वनखात्यात जा. तीन वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या की ऐकून घेतात.

पहिला मोठा पाऊस झाला की कळव. ठोसेघरच्या एसटीनं बरोबरच जाऊ.

तुझे सर