व्हीपीएन चालू असूनही वेबसाईटला माझं खरं लोकेशन कसं कळतं?

बऱ्याचदा आयपीव्ही6 (इंटरनेटवरच्या तुमच्या पत्त्याचा, म्हणजे आयपीचा, नवा प्रकार; जुना तो आयपीव्ही4) लीक होत असतो, नाहीतर ब्राउझरला लोकेशनची परमिशन तुम्हीच कधीतरी देऊन बसलेले असता. काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही4 चा ट्रॅफिक टनेलमधून, म्हणजे व्हीपीएनच्या सुरक्षित मार्गाने, नेतात आणि आयपीव्ही6 चा तसाच सोडून देतात, त्यामुळे ॲपवर हिरवं 'कनेक्टेड' दिसतं पण साईटला तुमचा खरा पत्ता मिळतोच. बघायचं असेल तर व्हीपीएन बंद करून आयपी दाखवणारी कुठलीही साईट उघडा, दोन्ही पत्ते लिहून घ्या (टिंबंवाला छोटा तो आयपीव्ही4, कोलनवाला लांबलचक तो आयपीव्ही6) आणि मग व्हीपीएन लावून पान रिफ्रेश करा, छोटा बदलला आणि लांबडा तसाच राहिला की चोर सापडला.

मग हे करा:
- व्हीपीएन ॲपमध्ये आयपीव्ही6 लीक प्रोटेक्शन चालू करा, ते नसेल तर नेटवर्क सेटिंगमधून आयपीव्ही6 बंद करा
- डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सेवा) लीक टेस्ट करणारी साईट उघडा, त्यात तुमच्याच इंटरनेट कंपनीचं नाव आलं तर डीएनएस व्हीपीएनचा लावा
- साईटची लोकेशन परमिशन काढा, ती जीपीएस आणि आजूबाजूच्या वायफायवरून चालते, व्हीपीएनचा तिथे काही संबंधच नाही
- कनेक्शन मधेच तुटत असेल तर किल स्विच (व्हीपीएन तुटताच इंटरनेट थांबवणारी सोय) चालू ठेवा, नाहीतर तेवढ्या दोन सेकंदात खरा आयपी बाहेर जातो

फक्त एक, त्या साईटवर तुम्ही लॉगिन असाल किंवा जुन्या कुकीज पडून असतील तर वरचं सगळं करूनही ती तुम्हाला ओळखणारच, आधी प्रायव्हेट विंडोत लॉगिन न करता तपासा.