राफेल सादिक यांना ‘रेट्रो सोल’ गायक का म्हणतात? त्यांचे संगीत जुन्या मोटाउनची नक्कल आहे का?

आपल्या प्रश्नात दोन शंका एकत्र आल्या आहेत. २००८ सालचा ‘द वे आय सी इट’ हा सोलचा, म्हणजे गॉस्पेल आणि ब्लूजमधून वाढलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकीचा अल्बम ऐकताना तो १९६५ च्या सुमारास डेट्रॉइटमध्ये, मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीत, ध्वनिमुद्रित झाला असावा असे आपल्याला वाटले, आणि मग ही तर सरळ नक्कल आहे असा संशय आला. शिवाय सोलांज आणि बियॉन्से या गायिकांच्या अलीकडच्या गाण्यांच्या श्रेयनामावलीत याच माणसाचे नाव दिसल्यामुळे, जुन्या वळणाचा हा गायक तिथे कसा पोहोचला, हेही आपल्याला कोडे वाटते. मी त्यांचे संगीत बरीच वर्षे ऐकत आलो आहे आणि हौसेपुरती बास गिटार वाजवतो, त्यामुळे माझे उत्तर बासच्या बाजूला झुकलेले असेल, हे आधीच सांगून ठेवतो. सादिक यांना गायक म्हणून ऐकण्याआधी बासवादक म्हणून ऐकले, तर दोन्ही शंका बऱ्याच अंशी मिटतात, असे माझे मत आहे.

त्यांचे जन्मनाव चार्ल्स रे विगिन्स. त्यांचा जन्म १४ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात झाला. हे शहर त्यांच्या संगीतात जितके आहे तितके डेट्रॉइट नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या जहाजबांधणीच्या गोद्यांत काम मिळते म्हणून लुइझियाना, टेक्सास अशा दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे ओकलंडला येऊन स्थायिक झाली, आणि त्यांच्याबरोबर ब्लूज आणि चर्चमधील गॉस्पेल गायनही आले. विगिन्स यांच्या घरात वडील ब्लूज गिटार वाजवत. मुलाने सहाव्या-सातव्या वर्षीच बास हाती घेतली, चर्चमध्ये गायला सुरुवात केली आणि नऊ वर्षांचा असताना ‘गॉस्पेल हमिंगबर्ड्स’ या गायकवृंदात प्रवेश मिळवला. याच परिसरातून फंक गायक स्लाय स्टोन यांचा वाद्यवृंद उभा राहिला होता, आणि त्यातले बासवादक लॅरी ग्रॅहम तर ओकलंडमध्येच वाढलेले. (ग्रॅहम आईच्या साथीला वाजवत असताना ढोलवादक उरला नाही, म्हणून त्यांनी तारांवर अंगठ्याने आघात करून ठेक्याची उणीव भरून काढली आणि त्यातून बासवादनाची एक नवी पद्धतच जन्माला आली. बास वाजवणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कोणीतरी ऐकवलेली असते.)

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, विशी गाठण्याच्या आसपास, त्यांना तालवादक-गायिका शीला ई. यांच्या वाद्यवृंदात बासवादक म्हणून जागा मिळाली. शीला ई. याही मूळच्या ओकलंडच्या, आणि त्या काळी त्या प्रसिद्ध गायक-वादक प्रिन्स यांच्या दौऱ्यांत त्यांच्या आधी रंगमंचावर येत असत. या वाद्यवृंदासाठीच्या निवडचाचणीच्या वेळी विगिन्स यांनी ‘राफेल’ हे नाव घेतले. ‘सादिक’ हा अरबी शब्द, म्हणजे सत्यवचनी, त्यांनी पुढे नव्वदच्या दशकात जोडला. प्रिन्स रोज रात्री रंगमंचावर काय करतात, हे विंगेतून पाहायला मिळणे ही त्या वयाच्या वादकासाठी मोठी तालीमच होती, आणि एकट्याने अनेक वाद्ये वाजवून अख्खे गाणे उभे करण्याची सादिक यांची सवय मला त्याच संस्कारातली वाटते.

त्यानंतर भाऊ ड्वेन विगिन्स आणि चुलतभाऊ टिमथी ख्रिश्चन रायली यांच्याबरोबर त्यांनी ‘टोनी! टोनी! टोने!’ हा गट काढला. ‘हू?’ (१९८८), ‘द रिव्हायव्हल’ (१९९०), ‘सन्स ऑफ सोल’ (१९९३) आणि ‘हाउस ऑफ म्युझिक’ (१९९६) असे त्यांचे चार अल्बम आले. रिदम अँड ब्लूज म्हणजे ड्रम मशीन आणि सिंथेसायझर, असे समीकरण तेव्हा रूढ झाले होते. या तिघांनी ती यंत्रे नाकारली नाहीत, पण त्यांच्या शेजारी खरी गिटार, खरी बास आणि खरे व्हायोलिन आणून बसवले. ‘सन्स ऑफ सोल’ या नावातच वंशावळ सांगितलेली आहे. म्हणजे २००८ साली अचानक जुन्या काळाची हौस आली आणि सादिक सूट घालून उभे राहिले, असे झालेले नाही. पंधरा वर्षे आधीच ते स्वतःला सोल संगीताचा मुलगा म्हणवून घेत होते. गटात पुढे मतभेद झाले आणि तो विखुरला. त्या तपशिलात मी शिरत नाही. २०२३ मध्ये तिघे पुन्हा एकत्र दौऱ्यावर गेले होते, आणि मार्च २०२५ मध्ये ड्वेन यांचे निधन झाले.

आता आपण विचारलेल्या अल्बमकडे वळतो. मोटाउनची गाणी ओळखीची वाटतात ती बहुतेकांना गायकांमुळे, पण डेट्रॉइटमधील वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या त्या घरात, तळाशी असलेल्या लहानशा स्टुडिओत, साथ करणारे वादक जवळजवळ सगळ्या गाण्यांना तेच असत. त्यांना ‘फंक ब्रदर्स’ म्हणत. त्यांचे बासवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तार छेडत, तारा सपाट गुंडाळीच्या वापरत आणि त्या तुटेपर्यंत बदलत नसत. त्यामुळे त्यांचा स्वर गोल, किंचित दबका आणि लाकडासारखा येई. मात्र त्या स्वराची चाल अतिशय खेळकर असे. गायक सरळ रेषेत जात असताना बास त्याच्या खालून वळणे घेत जाते, समेच्या अलीकडे एखादा स्वर टाकते, मध्येच थांबते आणि पुन्हा वेळेवर हजर होते. वरच्या अंगाला टॅम्बरीन, चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठणठणीत टाळी दिल्यासारखी. सादिक यांनी बासचे धडे घेतले ते या जेमर्सन यांच्या वादनातून, आणि हे ऋण ते मोकळेपणाने मान्य करतात.

‘द वे आय सी इट’ करताना सादिक आणि त्यांचे ध्वनिमुद्रक चार्ल्स ब्रुंगार्ट यांनी जुन्या पद्धतीची उपकरणे वापरली. ढोल, बास, गिटार, पियानो यांतले बरेचसे सादिक यांनी स्वतः वाजवले. टॅम्बरीनसाठी मात्र त्यांनी थेट फंक ब्रदर्सपैकी जॅक ॲशफर्ड यांना बोलावले, आणि तंतुवाद्यांच्या रचनेसाठी मोटाउनच्याच काळातले पॉल रायझर यांना. एका गाण्यात स्टीव्ही वंडर हार्मोनिका घेऊन येतात. नक्कल करणारा माणूस मूळ कारागिरांना शोधून त्यांच्या शेजारी बसायला सहसा धजावत नाही, कारण तिथे त्याची चोरी पहिल्या मिनिटात पकडली जाते. आपल्याकडे आज एखाद्या गायकाने बालगंधर्वांच्या वळणाने नाट्यपद म्हटले तर त्याला कोणी ‘रेट्रो’ म्हणत नाही. तो कोणाकडे शिकला, असे आपण विचारतो. सादिक यांच्या बाबतीतही हाच प्रश्न अधिक योग्य ठरेल.

या अल्बमचे विषयही केवळ १९६५ सालचे नाहीत. ‘बिग ईझी’ हे गाणे ऐकताना पाय थिरकतात, रीबर्थ ब्रास बँडची पितळी वाद्ये उत्सवासारखी वाजतात, आणि शब्दांकडे लक्ष गेले की कळते की २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळात न्यू ऑर्लीन्समध्ये हरवलेल्या प्रेयसीला शोधणारा माणूस गातो आहे. आनंदी चालीत दुःखाचे शब्द घालणे ही मोटाउनचीच युक्ती होती, पण इथे ती एका ताज्या जखमेवर वापरली आहे. तरीही आपला संशय संपूर्णपणे निराधार आहे असे मी म्हणणार नाही. काही गाणी, विशेषतः साध्या प्रेमगीतांपैकी दोन-तीन, सराव म्हणून उत्तम आणि गाणी म्हणून बेताची आहेत. अरुंद टाय, जाड काड्यांचा चष्मा आणि नर्तकांच्या ठरावीक हालचाली हे सारे दृश्य म्हणून पुष्कळदा वेशभूषेच्या पातळीवर राहते. सादिक यांचा आवाजही हलका, उंच पट्टीतला आहे; मोटाउनच्या ‘टेम्प्टेशन्स’ गटातील डेव्हिड रफिन यांच्यासारखा खरखरीत जोर त्यात नाही, आणि तो आणण्याचा प्रयत्न न करण्याचे शहाणपण त्यांच्याजवळ आहे. मोटाउनच्याच गायकांपैकी मृदू आवाजाच्या स्मोकी रॉबिन्सन यांच्या बाजूचे ते गायक आहेत.

त्या काळात जुन्या सोलची लाट होतीच. ब्रुकलिनच्या ‘डॅपटोन’ कंपनीत शॅरन जोन्स गात होत्या, आणि त्यांच्याच साथीदारांनी एमी वाइनहाउस यांच्या २००६ सालच्या ‘बॅक टू ब्लॅक’ मध्ये वाजवले होते. सादिक यांना या लाटेत मोजले गेले आणि त्याचा त्यांना लाभही झाला, पण त्यांनी तिथे मुक्काम केला नाही. २०११ च्या ‘स्टोन रोलिन’ मध्ये ते चकचकीत मोटाउनपासून दूर, रॉक अँड रोलचे चक बेरी, स्लाय स्टोन आणि शिकागो ब्लूजच्या खडबडीत बाजूला सरकले; मला हा अल्बम आधीच्यापेक्षा सरस वाटतो, कारण यात उसने घेतलेले कोणते आणि स्वतःचे कोणते ही सीमाच पुसट झाली आहे. त्याच वर्षी ग्रॅमी सोहळ्यात दिवंगत सोल गायक सॉलोमन बर्क यांना आदरांजली म्हणून ‘रोलिंग स्टोन्स’चे मिक जॅगर गायले, तेव्हा साथीला सादिक आणि त्यांचा वाद्यवृंद होता.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर दुसऱ्यांची गाणी रचून घडवणारा संगीत निर्माता या त्यांच्या भूमिकेत आहे, आणि खरे तर ती भूमिका गायकाइतकीच जुनी आहे. १९९५ मध्ये गायक डिअँजेलो यांचे ‘लेडी’ आणि २००० मध्ये ‘अनटायटल्ड’ ही दोन्ही गाणी सादिक यांनी त्यांच्यासह रचली. दुसरे गाणे प्रिन्स यांच्या संथ प्रेमगीतांना केलेले अभिवादन आहे. त्यात बास आणि ढोल मात्रेच्या किंचित मागे रेंगाळतात, आणि त्या रेंगाळण्यामुळे सात मिनिटांचे गाणे क्षणभरही सैल पडत नाही. ‘ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉप गटाचे अली शहीद मुहम्मद आणि ‘एन व्होग’ या गायिकांच्या गटातील डॉन रॉबिन्सन यांच्यासह त्यांनी ‘लूसी पर्ल’ हा अल्पजीवी गटही केला. २००२ च्या ‘इन्स्टंट व्हिंटेज’ या पहिल्या एकल अल्बमच्या वेळी त्यांनी आपल्या संगीताला ‘गॉस्पेलडेलिक’ असे नाव दिले होते. हे नाव रुजले नाही, पण ‘रेट्रो’पेक्षा ते मला कितीतरी अचूक वाटते.

सोलांज यांच्या ‘क्रेन्स इन द स्काय’ चा इतिहास यासाठी पाहण्यासारखा आहे. २००८ च्या सुमारास, म्हणजे ‘द वे आय सी इट’च्याच दिवसांत, सादिक यांनी त्यांना शब्दांविना एक चाल दिली होती: ढोल, बास, तंतुवाद्ये आणि भरपूर मोकळी जागा. सोलांज यांनी तिच्यावर शब्द लिहिले आणि गाणे आठ वर्षांनी, २०१६ च्या ‘अ सीट ॲट द टेबल’ या अल्बममध्ये प्रसिद्ध झाले. त्याला ग्रॅमी मिळाले. एकाच काळात त्यांच्या हातून निघालेल्या दोन गोष्टींपैकी एकीला जग जुनी म्हणते आणि दुसरीला अत्याधुनिक. बास मात्र दोन्हींमध्ये तीच भूमिका बजावते: कमी बोलते, आणि गायिकेला उभे राहायला जमीन देते.

त्यांचा २०१९ सालचा ‘जिमी ली’ हा अल्बम मात्र जुन्या सोलच्या अपेक्षेने लावू नये. हेरॉइनच्या व्यसनात गमावलेल्या थोरल्या भावाचे नाव त्याला दिले आहे. सादिक यांच्या कुटुंबात असे मृत्यू एकापेक्षा अधिक झाले, आणि पूर्वीच्या मुलाखतींत ते त्याबद्दल फारसे बोलत नसत. आपल्या आनंदी गाण्यांवर ती सावली पडू नये अशी त्यांची इच्छा असावी. इथे गाणी अर्ध्यावर तुटतात, एकमेकांत घुसतात, चर्चचा गायकवृंद येतो आणि दिलासा न देताच निघून जातो.

अलीकडे त्यांनी बियॉन्से यांच्या २०२४ च्या ‘काउबॉय कार्टर’ मधील काही गाण्यांवर काम केले आणि २०२५ च्या ‘सिनर्स’ या चित्रपटासाठी संगीतकार लुडविग योरान्सन यांच्यासह ‘आय लाइड टू यू’ हे गीत रचले. चित्रपटाचे दिग्दर्शक रायन कूगलर हेही ओकलंडचेच. कथा १९३२ सालच्या मिसिसिपीतली आहे, आणि धर्मोपदेशकाचा मुलगा या गाण्यातून वडिलांना सांगतो की त्याचे मन चर्चमध्ये नसून ब्लूजमध्ये आहे. चर्चमध्ये गात आणि घरी ब्लूज ऐकत वाढलेल्या सादिक यांना हा विषय शोधायला फार लांब जावे लागले नसणार.

ऐकायला सुरुवात कुठून करावी, असेही आपण शेवटी विचारले आहे. आधी ‘द वे आय सी इट’ मधील ‘१०० यार्ड डॅश’ हे तीन मिनिटांपेक्षाही लहान गाणे चांगल्या हेडफोनवर, केवळ बासकडे लक्ष देऊन दोनदा ऐकावे, आणि लगेच ‘क्रेन्स इन द स्काय’ लावावे. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र दोन्ही ऐकू नयेत, कारण ज्यासाठी ऐकायचे तो भागच त्यातून गाळला जातो.