पूलमध्ये नेम धरायची ‘सिस्टिम’ शिकून खरंच फरक पडतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : वय 19, कोल्हापुरात कॉलेज, वर्षभर राजारामपुरीत मित्रांबरोबर पूल (क्यूनं, म्हणजे काठीनं, टेबलवर बॉल मारायचा खेळ) खेळतोय. सरळ बॉल जातात, कट (तिरके घालायचे बॉल) जात नाहीत. यूट्यूबवर ‘सेंटर टू एज’ नावाची नेम धरायची पद्धत पाहिली. तिचा पैसे भरून कोर्स करावा, की नुसतं खेळत राहिलं तरी नेम आपोआप बसतो?

भावा, कोर्स आत्ता करू नकोस. पण ‘खेळत राहा, येतंय आपोआप’ म्हणणाऱ्यांचंही ऐकू नकोस. मी ते ऐकून दोन वर्षं घालवली. एक पद्धत शीक, साधी शीक, आणि त्याच्याही आधी तुझा क्यू सरळ जातोय का ते बघ. जरा सविस्तर लिहितो, कारण मला हे कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. आमच्याकडे जॉब मापात आला नाही की आधी मशीन तपासतात, ड्रॉइंगवर शंका नंतर घेतात. पूलमध्ये मी नेमकं उलटं केलं. कट चुकला की नेमाची पद्धत बदलायची, पंधरा दिवसांनी पुन्हा नवीन व्हिडिओ. हात कसा चाललाय हे एकदाही बघितलं नाही.

एक हिशोब मांडतो, म्हणजे मी हातावर एवढा जोर का देतोय ते कळेल. पूलचा बॉल 57.15 मिलिमीटरचा असतो, पांढराही (क्यूनं मारायचा तो) आणि रंगीतही (पॉकेटमध्ये घालायचा तो). अर्ध्या बॉलचा कट (तो काय ते पुढं सांगतो) मारताना पांढऱ्याचा मध्य ज्या रेषेवरून जायला पाहिजे तिथून 1 मिलिमीटर सरकला, की रंगीत बॉलची दिशा साधारण 1.2 अंशांनी बदलते. पॉकेट 1 मीटर लांब असेल तर तिथं पोचेपर्यंत त्याची चूक 2 सेंटिमीटर झालेली असते. कोपऱ्याचं पॉकेट तोंडाशी साडेचार इंचांच्या आसपास, म्हणजे 114 मिलिमीटर. त्यातून बॉलचे 57 वजा कर. दोन्ही बाजूंना फार तर 28-28 मिलिमीटर उरतात. म्हणजे दीड मिलिमीटर चुकलं की बॉल जबड्यात अडकला. आणि पांढरा 1 मीटरवरून येत असेल, तर हे दीड मिलिमीटर म्हणजे एका अंशाचा दहावा भागसुद्धा नाही. एवढी चूक हात न कळत करतो. डोळ्यानं जागा बरोबर शोधली तरीही.

म्हणून पहिली तपासणी ही. टेबलच्या मधल्या रेषेवर एका टोकाच्या स्पॉटवर पांढरा ठेव, समोरच्या स्पॉटवरून नेऊन पलीकडच्या कुशनला मार आणि तो परत तुझ्या टिपला, म्हणजे क्यूच्या टोकाला, येऊन लागतो का बघ. क्यू मारला तिथंच ठेवायचा, उचलायचा नाही. बॉल डावीकडे उजवीकडे परतला तर एकतर क्यू वाकडा जातोय, नाहीतर मध्यावर न लागता नकळत साइड (टिप मध्याच्या डावीउजवीकडे लागून बसणारी फिरकी) लागतेय. नक्की काय होतंय ते बघायचं असेल तर पांढऱ्याऐवजी पट्ट्याचा बॉल घे, पट्टा उभा धरून तुझ्या रेषेत ठेव. मध्यावर लागला तर पट्टा चाकासारखा सरळ फिरतो. साइड लागली की पट्टा डगमगतो, लगेच दिसतं. नकळत लागलेली साइड दोनदा दगा देते : मारताक्षणी पांढऱ्याला रेषेवरून उलट्या बाजूला ढकलते आणि रंगीत बॉलला लागताना त्याचीही दिशा बिघडवते. दहापैकी सात-आठ वेळा बॉल टिपकडे यायला लागेपर्यंत मी तरी नेमाच्या कुठल्याच पद्धतीला हात लावला नसता.

आता नेम. तुझे कट बहुतेक जाड लागत असणार, हे मी न बघता सांगतो. जाड म्हणजे पांढरा रंगीताला पाहिजे त्यापेक्षा जास्त भरून लागतो, बारीक म्हणजे कडेला कमी लागतो. मी एकदा एकच कट 50 वेळा मारला आणि प्रत्येक चुकलेल्या शॉटपुढं वहीत ‘जाड’ किंवा ‘बारीक’ लिहिलं. पानभर जाडच. कारण नंतर कळलं. नवीन माणूस पॉकेटच्या रेषेत रंगीत बॉलच्या मागचा बिंदू शोधतो, हे बरोबरच आहे. पण मग पांढऱ्याचा मध्य त्या बिंदूवर रोखतो, आणि तिथं चुकतो. पांढऱ्याला स्वतःची जाडी आहे. त्याचा मध्य त्या बिंदूवर कधी पोचतच नाही, त्याच्या आधीच पांढऱ्याचा गाल रंगीताला लागतो. त्यामुळे बॉल नेहमी अपेक्षेपेक्षा जाड बसतो.

त्यावर सगळ्यात साधी युक्ती म्हणजे दुप्पट करणं. तू उभा आहेस तिथून रंगीत बॉलचा मध्य बघ. पॉकेटच्या रेषेतला बिंदू त्या मध्यापासून बाजूला किती आहे ते बघ. ते अंतर तेवढंच पुढं वाढव. पांढऱ्याचा मध्य रोखायचा तो तिथं. बिंदू मध्य आणि कडेच्या बरोबर अर्ध्यावर असेल तर नेम येतो थेट बॉलच्या कडेवर. यालाच अर्धा बॉल म्हणतात, कारण पांढऱ्यानं रंगीत बॉलचा अर्धा भाग झाकलेला दिसतो. दोन्ही बॉल एकाच मापाचे असल्यामुळे हे दुप्पट बरोबर जुळतं. स्नूकरच्या टेबलवरही चालतं, तिथं दोन्ही बॉल साडेबावन्न मिलिमीटरचे. कॅरमवर मात्र हाच हिशोब फसतो, स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा असतो ना. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांचा डोळा कॅरमवर तयार झालेला असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. शिवाय कॅरम आपण वरून बघतो, स्ट्रायकर कुठं जाऊन टेकणार ती जागा समोर दिसते. पूलमध्ये हनुवटी क्यूवर आली की तीच जागा चपटी होते, अंदाज लागत नाही. नेमाच्या एवढ्या पद्धती निघाल्या त्या या अडचणीमुळेच, असं मला वाटतं.

अर्धा बॉल म्हणजे 30 अंशांचा कट. हा एक कोन तू पाठ कर, बाकीचे त्याच्या शेजारी बसव. पाऊण बॉल लागला तर साधारण साडेचौदा अंश, पाव बॉल लागला तर साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास. शॉट समोर आला की स्वतःला एकच प्रश्न विचार : हा अर्ध्या बॉलपेक्षा जाड आहे की बारीक? थोडा जाड असेल तर अर्धा आणि पाऊणच्या मध्ये. एवढं पुरतं. अर्ध्या बॉलला नेम धरायला बॉलची कड ही खरीखुरी दिसणारी खूण मिळते, हवेतला अंदाज नाही. म्हणून मी सुरुवात तिथून करायला सांगतो.

पण माझा खेळ खऱ्या अर्थानं बदलला तो आमच्या पार्लरच्या मार्करमुळे (टेबलं सांभाळणारा माणूस). साठीचे आहेत, सगळे मामा म्हणतात. तरुणपणी तालमीत होते, अजून उभं राहणं तसंच, पाय रोवून. एका दुपारी टेबल रिकामं होतं. मी खाली वाकून क्यू पुढंमागं करत होतो, नेम जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मामा बाजूला स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, “खाली वाकून इचार करायलाईस तू. वर उभा ऱ्हाऊन काय ते ठरीव, आन मग वाक. वाकल्यावर फकस्त मारायचं.” मी परत उभा राहिलो. मामांनी येऊन रंगीत बॉलच्या मागं आपली मूठ टेकवली, पांढरा जिथं जाऊन थांबायला पाहिजे बरोबर तिथं, आणि म्हणाले, “ह्या मुठीकडं चालत ये.” मुठीच्या रेषेत दोन पावलं टाकत वाकलो. ते मूठ काढून घेईपर्यंत माझी हनुवटी क्यूवर आली होती. मारला. आवाज ऐकूनच कळलं, बॉल पॉकेटच्या मधोमध पडला होता.

त्या दिवसापासून माझा नियम तोच. नेम उभ्यानं ठरतो, त्या रेषेवर चालत जाऊन वाकायचं. वाकल्यावर चुकीचं वाटलं तर मनगटानं सावरायचं नाही, उठायचं आणि पहिल्यापासून यायचं. मनगटानं सावरलेला शॉट कधी जातो कधी जात नाही, आणि का ते कळत नाही, म्हणून शिकायलाही काही मिळत नाही.

आता तू विचारलेल्या ‘सेंटर टू एज’बद्दल. ही कल्पना अमेरिकेतल्या हॅल हूल यांची, पुढं स्टॅन शफेट यांनी ती सविस्तर मांडली आणि शिकवली. त्यात पांढऱ्याच्या मध्यातून रंगीताच्या कडेकडे एक नजरेची रेषा धरतात, पांढऱ्याच्या कडेवरून रंगीतावरच्या ठरलेल्या खुणेकडे दुसरी, आणि मग थोडं बाजूनं वळून मध्यावर येतात. तिच्यावर बरीच वर्षं वाद चालू आहे. आक्षेप असा की ठरावीक खुणांमधून ठरावीकच कोन निघणार, आणि टेबलवर कोन तर कितीही असू शकतात. मधलं अंतर खेळाडू न कळत स्वतःच भरून काढतो. मला हा आक्षेप पटतो. तरीही ती पद्धत वापरून उत्तम खेळणारे आहेत, हेही खरं, आणि त्याचं कारण मला मामांच्या मुठीत दिसतं. ती पद्धत माणसाला प्रत्येक शॉटला त्याच जागी उभं करते, तेच बघायला लावते, त्याच क्रमानं खाली आणते. हा क्रम तू अर्ध्या बॉलवरही बसवू शकतोस, फुकट. वर्ष-दीड वर्षानं तुझा हात सरळ झाल्यावर ती शिकावीशी वाटली तर जरूर शीक. तेव्हा चूक झाली तर ती पद्धतीची की हाताची, हे तुला ओळखता येईल. आज येणार नाही.

अजून एक गोष्ट, कारण ती कुणी सांगत नाही आणि पोरं उगाच स्वतःला दोष देतात. नेम बरोबर, हात बरोबर, तरी बॉल जाड जाऊ शकतो. दोन बॉल घासतात, आणि त्या घर्षणानं रंगीत बॉल पांढऱ्याच्या दिशेकडे थोडा ओढला जातो. याला थ्रो म्हणतात. हळू मारलेला स्टन शॉट (रंगीताला लागताना पांढरा न गडगडता नुसता घसरत असतो तो) आणि अर्ध्या बॉलच्या आसपासचा कट, तिथं हा सगळ्यात जास्त. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतले इंजिनिअरिंगचे निवृत्त प्राध्यापक डेव्हिड अल्शियाटोर यांनी हा विषय फार छान उलगडला आहे, त्यांचे स्लो-मोशन व्हिडिओ बघ. बॉल मळलेले असले की थ्रो वाढतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली, हात घामट, क्लॉथ जड झालेलं, बॉल चिकट. उन्हाळ्यात जाणारा कट जुलैत अडकतो, तर नेम बदलू नकोस. आधी बॉल पुसून घे. मी खिशात स्वच्छ सुती फडकं ठेवतो, ओलं नाही. तरीही जाड गेला तर केसभर बारीक मार, किंवा पांढरा पुढं गडगडत जाईल असा मार. स्टनपेक्षा त्यात थ्रो कमी.

बाहेरच्या बाजूची साइड लावून थ्रो घालवता येतो, हेही तुला कुणीतरी सांगेल. ते खरं आहे, पण एवढ्यात त्यात पडू नकोस.

महिनाभर असं कर. आठवड्यातून दोनदा सकाळी जा, तेव्हा टेबल रिकामी असतात आणि पैसे लावून खेळायला बोलावणारं कुणी नसतं. पहिली दहा मिनिटं पट्ट्याचा बॉल घेऊन सरळ क्यू. मग अर्ध्या बॉलचा एकच शॉट, 50 वेळा, डावीकडून 25 आणि उजवीकडून 25. दोन्ही बाजूंचा आकडा वेगळा लिही. एका बाजूला खूपच जास्त चुकत असेल तर क्यूवर डोकं कुठं धरतोस ते तपास, काहींचा एक डोळा जोरकस असतो आणि क्यू दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये धरला की त्यांना रेषाच तिरकी दिसते. सरळ शॉट सरळ दिसेपर्यंत डोकं इकडंतिकडं सरकवून बघ आणि ती जागा पक्की कर.

बॉल दर वेळी त्याच जागी ठेवायला स्टेशनरीच्या दुकानातून कागदाच्या भोकाला लावायच्या गोल चिकट चकत्या आण. बॉल त्यात बसतो, हलत नाही, आणि 50 शॉट खरोखर एकच शॉट होतात. चकती लावायच्या आधी मार्करला विचार. क्लॉथला काही चिकटवलेलं त्यांना आवडत नाही, पण कशासाठी ते सांगितलं की सहसा नाही म्हणत नाहीत. खेळ झाला की स्वतः हळूच सोलून काढ, नखानं खरवडू नकोस. आमचे मामा तर हल्ली मला बघितलं की काउंटरच्या ड्रॉवरमधून चकत्यांचं पाकीट आधीच काढून ठेवतात.