1950 च्या काळात आयर्लंडमध्ये इतक्या आयांनी मुलं दत्तक का दिली? गावातल्या बायकांनी त्यांना आधार का दिला नाही?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. गावातल्या बायकांनी आधार का दिला नाही? अहो, आधार द्यायला आधी स्वतःच्या हातात काहीतरी असावं लागतं. मी आयर्लंडमध्ये टिपरेरी काउंटीत एका नर्सिंग होममध्ये नर्स आहे, बरीच वर्षं झाली आता, आणि माझी लेक दत्तक आहे, त्यामुळे या विषयावर मी तटस्थ वगैरे अजिबात नाही. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना ठेवायची, नन्सनी चालवलेली मदर अँड बेबी होम्स, ट्यूम गावच्या होममध्ये दगावलेली 796 मुलं, ज्यांचे मृत्यूचे दाखले कॅथरीन कॉर्लेस बाईंनी मिळवले, हे सगळं तुम्ही बातम्यांत वाचलं असेलच. ते परत सांगत नाही.

आमच्या नर्सिंग होममध्ये एक आजी होत्या, शेतकऱ्याघरच्या, नव्वदीकडे झुकलेल्या. एरवी गप्प, पण हातांना क्रीम लावायला बसलं की बोलायला लागायच्या. त्या बारा वर्षांच्या असताना, म्हणजे 1947 च्या सुमाराला, त्यांची मोठी बहीण एका रात्रीत घरातून गेली. कुणी काही सांगितलं नाही. सकाळी आईने बहिणीचे गमबूट यांच्यापुढे ठेवले, मोठे होत होते म्हणून पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दिले, आणि म्हणाली, आजपासून तिच्या वाटच्या गाईंच्या धारा तू काढायच्या. बास, एवढंच. कुणी विचारलं तर इंग्लंडला मावशीकडे गेली म्हणायचं. इंग्लंडला मावशी नव्हतीच आणि हे शेजाऱ्यांनाही पक्कं माहीत होतं, तरी विचारणाऱ्याने विचारायचं आणि सांगणाऱ्याने सांगायचं. रोज रात्री घरातले सगळे गुडघ्यावर बसून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचे, ती संपली की आई एक जादा प्रार्थना म्हणायला लावायची, 'स्पेशल इंटेन्शन'साठी, म्हणजे मनातल्या एका खास मागण्यासाठी. कशासाठी, कुणासाठी, हे मरेपर्यंत बोलली नाही.

बहीण इंग्लंडला नाही, आपल्याच काउंटीत होती, रॉसक्रेच्या शॉन रॉस ॲबीत, अशाच एका मदर अँड बेबी होममध्ये. तिथे मुलगा झाला. आईने लॉन्ड्रीत राबायचं, मूल नर्सरीत, दिवसातून थोडा वेळ भेट, आणि असं कधीकधी दोन-तीन वर्षं. विचार करा, लळा लागू द्यायचा, मूल चालायला बोलायला लागायचं आणि मग न्यायचं. त्या मुलाला अमेरिकेला पाठवलं. तेव्हा इथे दत्तकाचा कायदाच नव्हता, तो 1952 ला झाला आणि 1953 च्या जानेवारीपासून लागू झाला, त्यामुळे मुलाचा पासपोर्ट काढायचा, विमानात बसवायचं आणि कायदेशीर दत्तक तिकडे व्हायचं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दोन हजारांवर मुलं अशी गेली. घेणाऱ्या जोडप्यासाठी डब्लिनचे आर्चबिशप मॅक्वेड यांच्या अटी होत्या: दोघं कॅथलिक हवेत, त्यांच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, फादरचं पत्र हवं, मुलाला कॅथलिक शाळेतच घालू असं शपथेवर लिहून हवं, आणि हे जोडपं मुद्दाम मूल टाळत नाहीये याचा डॉक्टरचा दाखलासुद्धा हवा. आईने काय करायचं? सही. हक्क कायमचा सोडला, पुन्हा चौकशी करणार नाही. फिलोमिना ली यांची केस याच ॲबीतली. 1952 ला मुलगा झाला, 1955 ला अमेरिकेला पाठवला. मोठेपणी तो आईला शोधत तिथे आला, आईही तिथेच विचारत होती, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता दिला गेला नाही. आईला शेवटी त्याची कबर सापडली.

आता 'का' म्हणाल तर चर्च, अर्थात चर्च. पण आजी म्हणायच्या, आधी जमीन. त्यांच्या भावाचं लग्न ठरत होतं. लहान शेतकऱ्याच्या घरात जमीन एकाच मुलाला, बाकीच्यांनी बोटीने इंग्लंडला किंवा अमेरिकेला जायचं. सून येताना हुंडा आणायची, तिचा बाप येऊन शेत फिरून बघायचा, गाई मोजायचा, आणि त्याच हुंड्याच्या पैशातून घरातल्या मुलीचं लग्न किंवा कुणाचं बोटीचं तिकीट निघायचं. म्हणजे एका मुलीचं पोट दिसायला लागलं की भावाचं लग्न मोडणार, हुंडा नाही, मग धाकटीचंही काही होणार नाही. अख्खं घर त्या एका सोयरिकीला टांगलेलं. म्हणून बापाने रात्री भाड्याची गाडी बोलावली. आजींचं लग्न ज्या पैशातून झालं तो त्या वहिनीने आणलेला पैसा, आणि हे त्यांना आयुष्यभर टोचत राहिलं.

आणि बायका! 1965 चा वारसा कायदा येईपर्यंत नवरा मृत्युपत्रात बायकोला शून्य ठेवू शकत होता. 1944 ला मुलांसाठी सरकारी भत्ता सुरू झाला तो बापाच्या हातात. सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की राजीनामा, हे 1973 पर्यंत. गर्भनिरोधकांची विक्री 1935 पासून बंद होती, घटस्फोट 1937 च्या घटनेनेच बंद होता. एकट्या आईसाठी भत्ता आला 1973 ला, आणि तो येईपर्यंत एकटी बाई मूल सांभाळणार कशावर? 1967 साली लग्नाबाहेर झालेल्या जन्मांच्या जवळपास 97 टक्के इतके दत्तक झाले. भत्ता आल्यावर बायका मुलं ठेवायला लागल्या, माया काही त्या वर्षी नव्याने फुटली नव्हती. गावात बायकांची आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशन होती, चांगली दांडगी संघटना, घरात नळ यावा म्हणून भांडल्या त्या, पण या विषयावर रविवारी चर्चच्या फाटकापाशी एक शब्द काढला असता तर पुढच्या रविवारी त्यांच्याशी कोण बोललं असतं?

तरी मी गावाला सोडत नाही. कारण गोष्ट इथे संपत नाही. आजींना मूल झालं नाही, आणि 1961 ला त्यांनी एका दत्तक सोसायटीतून मुलगा आणला. फादरचं पत्र त्यांनाही लागलं. बहिणीचं मूल जसं गेलं तसंच कुणाचं तरी मूल आपल्याकडे आलं हे त्यांना पहिल्या रात्रीपासून कळत होतं, पण कुणाला बोलणार, नवऱ्यालासुद्धा बहिणीचं माहीत नव्हतं. मुलाला सांगायचं नाही असं ठरलं. गावाला सगळं माहीत, फक्त त्याला नाही. तो चाळिशीत असताना बांधावरून भांडण झालं, आपल्याकडे होतं अगदी तसंच, आणि शेजारी पबमध्ये चार माणसांत म्हणाला, तू कशाला जमिनीची भाषा करतोस, तू या घरचा आहेस तरी का. असं कळलं त्याला. दर रविवारी तो आईला भेटायला यायचा, दूध, बिस्किटं, पेपर आणायचा, हवापाण्याचं बोलायचा, आणि दोघंही ते एक सोडून सगळं बोलायचे. मी स्वतः पाहिलंय.

2021 ला सरकारी आयोगाचा अहवाल आला, 18 संस्था, 56,000 आया, 57,000 मुलं, त्यातली 9,000 च्या आसपास मेली, आणि मुख्य दोष कुणाचा तर मुलांच्या बापांचा आणि मुलींच्या घरच्यांचा. त्या संस्थांमधून गेलेले लोक चिडले ते बरोबरच होतं. घरच्यांनी गेटपर्यंत सोडलं हे खरं, पण दुसरं गेट उघडंच नव्हतं ना, आणि ते कुणी बंद केलं होतं? फादरने आणि सरकारने. मग ऑक्टोबर 2022 पासून नवीन कायद्याने दत्तक व्यक्तीला आपला जन्मदाखला आणि जन्माची माहिती मिळायला लागली. आजींनी मला फॉर्मबद्दल विचारलं, मी प्रिंट काढून दिला, आणि पुढच्या रविवारी त्यांनी तो मुलाच्या हातात ठेवला. त्याची आई दोनच पॅरिश पलीकडची निघाली, वारलेली, पण भाऊ-बहिणी आहेत.

हे सगळं मी सविस्तर लिहितेय कारण माझ्या मोठ्या जाऊबाई. आम्ही पुण्याहून लेकीला घरी आणलं तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, सांगू नका, पोर परकी होईल, मोठी झाली की आपोआप कळेल. कळतंच, हो. बांधावर कळतं, पबमध्ये कळतं, लग्नघरात एखादी आत्या सांगते. आमच्याकडे तर गणपतीत सगळ्यांसमोर विषय निघाला होता आणि मीच वाईट ठरले, का तर मी पोरीला लहानपणीच सांगितलं म्हणून. दत्तक घेणार असाल किंवा घेतलं असेल तर पहिल्यापासून सांगा, गोष्टीसारखं सांगा, आणि संस्थेची कागदपत्रं जपून ठेवा, मुलाला ती कुठे आहेत ते ठाऊक असू द्या. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

हां, एक राहिलं. सगळी घरं अशी नव्हती. काही घरांत आजीने नातवंड स्वतःचंच मूल म्हणून वाढवलं आणि आईला ताई म्हणायला शिकवलं, ते बरं की वाईट मला ठरवता येत नाही. एखाद्या ननबद्दल मायेने बोलणाऱ्या बायकाही मला भेटल्यात. आणि मी एका काउंटीतली नर्स आहे, इतिहासाची प्राध्यापक नाही.

जाऊबाई इथली उत्तरं वाचतात हे मला माहीत आहे. दिवाळीत येतोय आम्ही. विषय काढायचा असेल तर लेकीला बाहेर पाठवून काढू नका, तिच्यासमोर काढा, तिला तुमच्याशी बोलायचंच आहे.