खत नको, आधी रायझोम वाळूतून बाहेर काढा

माशांच्या टाकीतल्या अनुबियस आणि जावा फर्न या पाणवनस्पतींची पानं गळतायत, दुकानदार खत घ्या म्हणतोय, काय करू, ही तुमची पोस्ट वाचताना माझी पहिली टाकी आठवली. दोन फुटी टाकी, अनुबियस आणि जावा फर्न, दोन्हींची पानं बुडापाशी मऊ पडून सुटतायत, आणि दुकानदार म्हणतोय, ‘पोटॅश कमी पडतंय, ही बाटली न्या.’ बाटली घेऊ नका. निदान आज तरी नको.

तुमच्या फोटोत दोन्ही झाडं पार पानांच्या बुडापर्यंत वाळूत खुपसलेली दिसतायत. एक उपटून बघा. आल्याच्या कुडीसारखं आडवं, जाड खोड दिसेल, वरून पानं फुटलेली, खालून मुळं. तोच रायझोम. तो वाळूत गाडला की कुजतो, आणि तो कुजला की वरची पानं चांगली हिरवीगार असतानाही गळतात. मुळं वाळूत गेली तर काही बिघडत नाही. अनुबियस पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या ओढ्यांच्या काठचं, जावा फर्न आग्नेय आशियातलं. दोन्ही तिकडे दगडांना, ओंडक्यांना धरून वाढतात. म्हणून यांना मुळाशी ठेवायच्या खताच्या गोळ्यांचाही फारसा उपयोग नसतो. त्या गोळ्या क्रिप्ट किंवा अ‍ॅमेझॉन सोर्डसारख्या, वाळूत मुळं रोवून वाढणाऱ्या झाडांना.

आता माझं दुखणं सांगतो, म्हणजे मी बाटलीवर एवढा का चिडतो ते कळेल. टाकी लावून द्यायचे वेगळे पैसे घेऊन दुकानातला माणूस घरी आला होता. अनुबियस त्यानेच बोटाने दाबून वाळूत लावलं. पानं गळायला लागल्यावर दुकानाने आधी खत दिलं, मग गोळ्या दिल्या. खत खाणारं झाड मरायला टेकलेलं, त्यामुळे ते सगळं शेवाळाच्या पोटात गेलं आणि काच हिरवी झाली. मग आली तिसरी बाटली, ‘शेवाळ आणि गोगलगायी, दोन्हींवर चालते’. लेबलवर मुंगीच्या अक्षरात कॉपर सल्फेट लिहिलेलं होतं. म्हणजे मोरचूद! ‘टाकीत श्रिंप (छोट्या कोळंब्या) आहेत’ हे मी काउंटरवर सांगितलं होतं. ‘काही होत नाही’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चेरी श्रिंपची अख्खी वसाहत तळाशी आडवी.

तक्रार घेऊन गेलो तर ‘तुमचं पाणीच खराब असणार’. पाणी बाटलीत भरून नेलं तर ‘आता तपासून काय उपयोग’. झाडांचं विचारलं तर ‘जिवंत माल परत घेत नाही’. पैशांचं एक वेळ सोडा. पण या सगळ्या फेऱ्यांत कुणी एकदाही म्हटलं नाही की झाड जरा वर उचलून बघा, खोड कसं आहे. टाकी रिकामी करताना ते काळं पडलेलं, वास मारणारं खोड हातात आलं तेव्हा उलगडा झाला. सगळी दुकानं अशी नसतात हे मान्य, माझं आत्ताचं दुकान उत्तम आहे. पण ज्या दुकानात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाटली असतं, तिथून मी आता फक्त हायपोचे खडे घेतो, तेही नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला लागतात म्हणून.

तर तुम्ही काय करायचं. रायझोम बोटाने दाबा. टणक असेल तर ठीक. जिथे मऊ किंवा काळा लागेल तो भाग नव्या ब्लेडने कापून टाका, आत हिरवट-पांढरा घट्ट गर दिसेपर्यंत. दोन-तीन पानांचा तुकडा उरला तरी तो जगतो, फेकू नका.

मग चिकटवायचं. फेविक्विकसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद चालतो, जेल मिळाला तर उत्तम, ओघळत नाही. दगड फडक्याने टिपून घ्या, दोन थेंब टाका, रायझोमची खालची बाजू टेकवून जरा दाबून धरा आणि पाण्यात सोडा. फुटव्याच्या टोकाला गोंद लागू देऊ नका. पाण्यात तो पांढरा पडतो, थोडे दिवस वाईट दिसतं, मग त्यावर शेवाळाचा थर चढून झाकलं जातं. सुकलेल्या गोंदाने माशांना काही झालेलं मी पाहिलेलं नाही. एक मात्र लक्षात ठेवा: सांडलेला गोंद कापसाने पुसू नका. कापूस आणि हा गोंद एकत्र आले की चांगलेच तापतात, बोट भाजतं.

गोंद नको असेल तर दोऱ्याने बांधा. सुती दोरा काही आठवड्यांत कुजून जातो, तोवर मुळं दगड धरतात. जावा मॉस या झुबकेदार पाणवनस्पतीला खरी मुळंच नसतात, त्याची पकड ढिली, त्याला मासेमारीची नायलॉनची दोरी बरी.

दगड विकत घेऊ नका, हे माझं ठाम मत. आपल्याकडचा काळा पाषाण, खास करून भोकं-भोकं असलेला, मुळांना धरायला फार छान. फक्त त्या भोकांत कधी कधी पांढरं कॅल्साइट भरलेलं असतं. तिथे व्हिनेगर टाकून बघा, फसफसला तर तो दगड बागेत. संगमरवराचे तुकडे नकोतच, पाणी जड होतं. नारळाची करवंटीही चालते, आधी उकळून घ्या.

त्यानंतर वाट बघायची, आणि तेच लोकांना जमत नाही. अनुबियस एक पान काढायला आठवडेच्या आठवडे घेतो. दिवा सहा ते आठ तास, टायमरवर. जास्त उजेड दिला तर पानांवर काळं शेवाळ धरतं. क्रिप्ट आणलंत तर त्याची जुनी पानं वितळतील. बरीचशी झाडं नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्याखालची पानं त्यांना नव्याने काढावी लागतात. मूळ शाबूत असलं की क्रिप्ट परत येतं. जावा फर्नच्या पानाखाली ओळीने तपकिरी ठिपके दिसले तर घाबरू नका, ते बीजाणू आहेत. ‘बुरशी आहे, औषध घ्या’ असं सांगणारे भेटतीलच.

रायझोम टणक आहे, चिकटवूनही बरेच दिवस झालेत आणि तरी जुन्या पानांना बारीक भोकं पडतायत, तर मात्र दुकानदाराचं पोटॅश बरोबर असू शकतं. तेव्हा पाण्यात मिसळायचं द्रव खत द्या, लेबलवरच्या निम्म्या प्रमाणात. मी वनस्पतिशास्त्रवाला नाही, हा सगळा माझ्या टाकीचा अनुभव. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर थोडं वेगळं घडू शकतं.

विषय निघालाच आहे तर, कापलेले तुकडे नाल्यात टाकू नका. पुण्यात मुळा-मुठेवर जलपर्णी काय करते ते दिसतंच आहे. वाळवून कचऱ्यात टाका. आणि कासच्या सड्यावरची, म्हणजे पठारावरची, वायतुरा ही पाणवनस्पती टाकीत लावायला कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. ते झाड मुळातच थोडक्या सड्यांपुरतं उरलंय.

झाड वर काढलंत की रायझोमचा जवळून फोटो टाका, पानांचा नको. आणि टाकीत श्रिंप किंवा गोगलगायी आहेत का ते लिहा, तुमच्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेख नाही.