कंप्युटरनं नाव काढलं म्हणजे नेमकं कुणी काढलं?

प्रश्न : माझी आई विधवा आहे, ५८ वर्षांची, हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. एका सरकारी योजनेचे महिन्याचे १५०० रुपये तिला यायचे ते चार महिन्यांपासून बंद झालेत. तालुक्याला तीन चकरा झाल्या, तिथले साहेब म्हणायलेत की तुमच्या घरात चारचाकी आहे असं सिस्टीमला दिसायलंय, कंप्युटरनं नाव काढलं, आमच्या हातात काही नाही. आमच्याकडं साधी मोटारसायकल नाही हो. गावातला एक पोरगा म्हणतो आता हे सगळं एआय करतंय आणि एआयवर केस होत नसती. खरंच काहीच करता येत नाही का?

उत्तर : भाऊ, येतं. आणि आधी आईला सांगा की तिचं काही चुकलेलं नाही, कारण अशा वेळी म्हातारी माणसं आपलंच कायतरी कागदपत्र राहिलं असंल म्हणून मनाला लावून घेतात, मी हे लई घरांत बघितलंय. त्या पोराचं अर्धं खरंय, एआयवर केस होत नाही कारण कायद्याच्या नजरेत ती व्यक्ती नाही. पण पैसे मंजूर करताना एका अधिकाऱ्याची सही होती ना, मग बंद करण्याची जबाबदारी पण त्याच खात्याची, मधी यंत्र कोणतं का असंना. ते एआय आहे का नुसत्या दोन याद्या जुळवणारं साधं सॉफ्टवेअर, त्यानं आईच्या हक्कात काही फरक पडत नाही.

हे आपल्या शेजारी घडून गेलंय. तेलंगणात समग्र वेदिका नावाची सिस्टीम आहे, ती वेगवेगळ्या खात्यांचा डेटा एकत्र करून कुणाकडं गाडी, कुणाकडं जमीन ते शोधते. हैदराबादेत सायकलरिक्षा ओढून पोट भरणाऱ्या एका माणसाच्या घरचं रेशन अडलं, का तर नावासारखं नाव असलेल्या भलत्याच माणसाची कार याच्या खात्यावर चिकटली. तेलंगणात जवळपास १९ लाख रेशनकार्डं रद्द झाली होती, शेवटी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारला सांगितलं की प्रत्यक्ष घरी जाऊन परत तपासा. तुमच्या आईचं प्रकरण मला तसंच वाटायलंय, नाव किंवा आधार नंबर कुठंतरी चुकीचा जोडला गेला असणार.

आता काय करायचं. तोंडी बोलणं बंद करा. एक लेखी अर्ज द्या, घरात वाहन नाही, प्रत्यक्ष चौकशी करा आणि पैसे परत चालू करा एवढाच मजकूर, आणि आवक नंबर टाकून पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तो आईच्याच नावानं टाका, तुमच्या नाही, कारण नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकारातलं दुसऱ्याच्या वैयक्तिक माहितीचं कलम बदललंय आणि तुमच्या नावानं गेला तर तेच कारण पुढं करून अर्ज फेटाळतील. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तीही नाही. विचारायचं काय? नाव कमी केल्याचा आदेश कोणत्या तारखेचा, सही कुणाची, आईच्या नावावर जी गाडी दिसतीय तिचा नंबर काय, ही माहिती कोणत्या खात्याकडून आली, आणि नाव काढायच्या आधी आईला नोटीस दिली होती का. गाडीचा नंबर हातात आला की अर्धं काम झालं, ती गाडी दुसऱ्याचीच आहे हे कागदावर दाखवता येतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय की ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणं द्यायची, आणि ‘सिस्टीमला दिसायलंय’ हे काही कारण होत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

तरी हललं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, फोन १५१००. बाईमाणसाला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे आपल्याकडं कितीतरी जणींना माहीतच नसतं. न विचारता, ऐकून न घेता हक्काचे पैसे बंद केले म्हणून हायकोर्टाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट हायकोर्टात दाद, पण मागता येते.

एक गोष्ट मला मनापासून खटकते ती सांगतो. युरोपात २०१८ पासून नियम आहे की माणसाच्या आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राच्या भरवशावर घ्यायचा नाही, माणसानं फेरतपासणी करावी असं मागता येतं. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात असा हक्क नाही, चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा आहे पण तोही २०२७ च्या मे महिन्यापासून लागू होणार. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं एआयची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात सध्या वेगळ्या कायद्याची गरज नाही असंच धोरण ठेवलंय. मला हे पटत नाही. डीपफेकवर, म्हणजे एआयनं बनवलेल्या खोट्या व्हिडिओ-फोटोंवर, चर्चा होते, फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याचे नियम पण आले, चांगलंच झालं, पण खेड्यातल्या बाईचं नाव यादीतून गेलं तर कुणी, कधी, कसं तपासायचं यावर तेवढ्या तळमळीनं कुणी बोलत नाही. नाव काढायच्या आधी माणूस दारात येऊन बघून गेला पाहिजे, एवढं तरी कायद्यात लिहाच.

प्रश्न : मी लातूरला शिकते. घरच्यांचं जमिनीचं अपील आहे, ते चॅटजीपीटीकडून लिहून घेऊन दिलं तर चालेल का?

उत्तर : भाषा नीट करायला घे, पण कलमं आणि निकाल त्याच्यावर सोडू नको. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी त्याच्याकडून घेतलेले निकाल कोर्टात दिले, ते निकाल अस्तित्वातच नव्हते, ५००० डॉलर दंड बसला. आपल्याकडं केरळ हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये खालच्या कोर्टांना स्पष्ट सांगितलं की निकाल द्यायला एआय वापरायचं नाही. प्रत्येक कलम मूळ कायद्यात उघडून बघ, मग वकिलाला दाखव. आणि सातबारा, आधार, पासबुकाचे फोटो त्यात टाकू नको ग, नावं गट नंबर काढून नुसती हकीकत लिही.